गमरे सरांचा हो-ताप

परीक्षेचा पेपर गमरे सरांनी फोडला नाही असं एकही वर्ष गेलं नाही. सहामाही परीक्षेला महिना उरला की ते वर्गात येत, दार लोटून घेत आणि पहिला प्रश्न सरळ फळ्यावर लिहून टाकत. चाळीस गुणांचा. वर "लिहून घ्या रे, मग म्हणाल सरांनी सांगितलं नाही," अशी तंबी. मुलांना वाटायचं, सर आपल्याला गंडवतायत. परीक्षेत तोच प्रश्न शब्दन्‌शब्द यायचा आणि निम्मा वर्ग नापास व्हायचा.

प्रश्न असा होता: तुम्ही राहता त्या मजल्यावर एकूण घरं किती? त्यांत एकटं कोण राहतं? त्यांच्या दाराशी उभं राहून हाक मारली, तर आतून ओ यायला किती वेळ लागतो?

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात वर्षभराचा हा अभ्यासक्रम होता. त्याचं नाव 'साथरोग पूर्वतयारी आणि सार्वजनिक आरोग्य धोरण'. पदवीची मुलं तो जोडीला घेऊ शकत, आणि बारावी झालेल्या बाहेरच्या कुणालाही त्यात बसता येई. कोरोनानंतर सगळ्यांनाच हुरूप आला होता, त्या हुरुपात तो सुरू झाला आणि हुरूप ओसरल्यावर गमरे सरांच्या आणि माझ्या गळ्यात राहिला. मी त्यात आकडेवारी शिकवायचे आणि फायली सांभाळायचे. बाकी सगळं सर. ते सरकारी आरोग्य खात्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे आले होते. बुटकेसे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चालण्यात कायम कुठेतरी आग लागल्याची घाई.

चारकोपची श्रुती नावाची मुलगी आमची पहिल्या नंबरची विद्यार्थिनी. तिने विलगीकरणाच्या व्याख्येपासून लसीच्या वाटपापर्यंत सहा पानं लिहिली आणि पहिल्या प्रश्नाला शून्य घेतलं. रडत प्राचार्यांकडे गेली. प्राचार्यांनी सरांना आणि मला बोलावलं.

"अगं, पेपर तर तुला महिनाभर आधी दिला होता," सर म्हणाले. "अजून काय करायला हवं होतं मी?"

"पण सर, हे सिलॅबसमध्ये कुठंय?"

"तुझ्या समोरच्या दारात आहे."

मला सरांचा राग आला. हुशार पोरीला उगाच छळायचं म्हणजे काय. पण आठ दिवसांनी श्रुती आपणहून आली. समोरचं घर तिला जन्मापासून बंद वाटत होतं, त्यात एक निवृत्त नर्स राहत होत्या. गुडघ्यांमुळे ओ यायला जवळजवळ मिनिट लागलं. मग श्रुतीला बसवून त्यांनी तिच्या आजोबांची, म्हणजे ज्यांना तिने पाहिलंही नव्हतं त्यांची, तासभर उणीदुणी काढली. सरांनी तिथल्या तिथे तिला चाळीसपैकी चाळीस दिले. आजोबांच्या माहितीचे वेगळे दोन द्यायला निघाले होते, ते मी थांबवले.

सरांचं एक वाक्य सगळ्या मुलांना पाठ होतं. "औषध नंतर. आधी हाक." लसींच्या साठवणुकीवर तास असला तरी त्याचा शेवट याच वाक्यावर व्हायचा. आणि एक शब्द सर कधीच उच्चारत नसत. तो म्हणजे 'हो'. हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं. सर, चहा घेणार का? "बघून सांगतो." मग कँटीनमध्ये जाणार, पातेल्यात डोकावणार, परत येऊन सांगणार, "आहे. घेतो." सर, उद्या सुट्टी आहे ना? "बघून सांगतो." रजिस्ट्रारच्या नोटिशीपर्यंत चालत जाणार. एकदा प्राचार्यांनी भर बैठकीत विचारलं, "गमरे सर, तुम्ही आलात ना?" सर म्हणाले, "दिसतोय तर खरा." सगळे हसले. सर हसले नव्हते.

शिकवायची तऱ्हाही अशीच. पहिल्या तासाला ते दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवत. एवढे प्रेमळ प्राध्यापक मुलांनी बघितलेले नसत, सगळे हात पुढे करत. सरांच्या पंजाला कपड्यांची नीळ लावलेली असे. तासभर त्याबद्दल काही बोलत नसत. शेवटी म्हणत, "आता एकमेकांची तोंडं बघा." कुणाच्या नाकाला, कुणाच्या वहीला, एकाच्या तर दोन्ही डोळ्यांभोवती निळं. यानंतरचा भाग सरांनी योजला नव्हता. एका वर्षी त्या तासानंतर मुलं कँटीनमध्ये गेली, तिथून नीळ वड्यांवर, वड्यांवरून ऑफिसात, आणि दुपारी विद्यापीठाला गेलेल्या एका पत्रावर प्राचार्यांच्या सहीशेजारी त्यांचा निळा अंगठा स्पष्ट उमटलेला निघाला. सरांनी त्या पत्राची झेरॉक्स मागितली. धड्याला फार उपयोगी आहे म्हणाले. प्राचार्यांनी दिली नाही.

याच प्राचार्यांमुळे पुढचं सगळं झालं. कॉलेजच्या दारात 'रोग' हा शब्द असलेली पाटी नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. प्रवेशाच्या दिवसांत पालक येतात, त्यांच्या मनावर परिणाम होतो. मी म्हटलं, मग विषय कसा कळणार? त्यावर बराच विचार करून त्यांनी पाटीवरून 'रोग' काढला. राहिलं ते असं: 'साथ अभ्यासक्रम. प्रवेश सुरू.'

पहिल्याच दिवशी एक गृहस्थ बायकोला घेऊन आले आणि इथे नवरा-बायकोंचं समुपदेशन होतं का म्हणून विचारू लागले. दुसऱ्या दिवशी एका पक्षाचा कार्यकर्ता आला. त्याला वाटलं, साहेबांना साथ द्यायचं शिक्षण आहे. तिसऱ्या दिवशी आले परब काका. भांडुपचे. विक्रोळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, डोक्यावर टोपी, हातात पिशवी.

"हंय साथ शिकवतत ना?" त्यांनी विचारलं.

"शिकवतो की," सर म्हणाले. पाटीचा घोळ त्यांच्या डोक्यात तेव्हा नव्हता.

"माका मृदुंगाची साथ शिकूची आसा. चाळीस वर्सां भजनात टाळ कुटतंय. आता मृदुंग होयो."

मी कपाळाला हात लावला. सर मात्र खुर्चीतून उठले. "काका, बारावी झालीये का तुमची?"

"रात्रशाळेतून. कित्याक?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं ते काय करणार आहेत. विद्यापीठाचं पत्र तेव्हा आठवडाभरापूर्वीच आलं होतं: वीस विद्यार्थी असतील आणि समितीच्या पाहणीत समाधान झालं, तरच अभ्यासक्रम पुढे चालेल. आमच्याकडे एकोणीस होते.

"काका," सर म्हणाले, "मृदुंग माझ्याकडे नाही. माझी साथ वेगळी. पण त्यातही कोण कुठे कमी पडतंय ते ऐकावं लागतं आणि नेमक्या वेळेला हात मारावा लागतो. बसून तर बघा."

परब काका बसले. उठलेच नाहीत. पहिल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायचे आणि साथीचा आलेख वर चढायला लागला की बोटांनी बाकावर ठेका धरायचे. मुलं त्यांना 'काका, लाट आली, जरा द्रुत' म्हणून चिडवायची. पहिल्या प्रश्नात त्यांना पैकीच्या पैकी पडले, कारण आपल्याच काय, शेजारच्या दोन इमारतींतली एकटी माणसं त्यांनी लिहून दिली होती. कोण कुठल्या भजनाला रडतं तेही.

समितीच्या तारखेची सरांनी जी तयारी चालवली होती ती पाहून मला धडकी भरली. त्यांना त्याच दिवशी, समितीच्या डोळ्यांदेखत, साथीची रंगीत तालीम करायची होती. "समितीला फायली दाखवायच्या असतात, सर," मी म्हटलं.

"फायली तुम्ही दाखवा, मॅडम. मी साथ दाखवतो." मग जरा थांबून म्हणाले, "हे बघा, वर्षाला वीस पोरं म्हणजे वर्षाला वीस मजले. दहा वर्षांत दोनशे. मला दोनशे मजले करायचेत. हे बंद पडलं तर मी घरी जाऊन काय करू? घरात हाक मारायला भिंती आहेत." त्यांच्या बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती. असं ते एरवी बोलत नसत. मी हजेरीच्या फायली काढायला घेतल्या.

तालमीसाठी खोटा आजार लागतो. खऱ्या आजाराचं नाव घेतलं की मुलं मोबाइलवर उत्तर शोधतात, म्हणून सर दरवर्षी नवा आजार काढत. या वर्षीचा होता हो-ताप. लक्षण एकच. रोगी प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणतो. ज्याला लागोपाठ तीन 'हो' ऐकू आले त्याला लागण झाली, त्याच्या मनगटाला पिवळी फीत. आणि उतारा काय? शोधपथकाने नावाने हाक मारल्यावर रोग्याच्या तोंडून एकदा खरंखुरं 'नाही' यायला हवं. परब काका शोधपथकाचे प्रमुख. फितींचं बंडल त्यांच्या गळ्यात.

ठरल्या दिवशी तीन जणांची समिती आली. अध्यक्ष उंच, मृदू आवाजाचे, घड्याळाकडे बघत बोलणारे. त्यांना आणखी दोन कॉलेजं उरकायची होती. सरांनी त्यांना तालमीची कल्पना दिली, नियम श्रुतीकडून वाचून घेतले. अध्यक्ष मान हलवत फाइल चाळत होते. तालीम सुरू झाली. तासाभराची होती.

अध्यक्षांनी पहिल्या बाकावरच्या श्रुतीला विचारलं, "तास नियमित होतात?"

"हो."

"प्रयोगशाळा आहे?"

"हो," श्रुती म्हणाली. प्रयोगशाळा नव्हती. तिचा चेहरा बघून मला कळलं. तालमीत तिला लागण झालेली होती.

"समुद्रकिनारा आहे?" दुसऱ्या सदस्याला शंका आली असावी.

"हो."

परब काका पुढे झाले आणि त्यांनी अध्यक्षांच्या मनगटाला हलक्या हाताने पिवळी फीत बांधली. "सायबानु, तुमका लागण झाली. घाबरा नको. हंय बसा."

वर्गात कुणीतरी खुसखुसलं. अध्यक्षांनी फितीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि त्यांचा मृदू आवाज आणखी मृदू झाला. ते माझ्याकडे वळले. "मॅडम, नोंदी पूर्ण आहेत ना सगळ्या?"

"हो," मी म्हणाले. नव्हत्या. दोन वर्षांच्या हजेरीवर सह्या राहिल्या होत्या. मी तालमीत नव्हते, मला कसलीही लागण झालेली नव्हती, तरी तो शब्द माझ्या तोंडून आपोआप निघाला. सर माझ्याजवळ आले आणि माझ्याही मनगटाला फीत बांधून गेले. तेवढी शरम मला आयुष्यात फार कमी वेळा वाटली आहे.

अध्यक्ष आता वर्गाला उद्देशून बोलले. "मुलांनो, या अभ्यासक्रमाचा तुम्हाला काही उपयोग नाही असं म्हणावं का?"

"हो," पंधरा-सोळा जण एका सुरात म्हणाले.

"मग तो बंद केला तर चालेल?"

मुलांनी सरांकडे पाहिलं. श्रुतीचे डोळे भरले होते. सगळ्यांना ठाऊक होतं की 'नाही' म्हटलं तर उतारा पडतो. पण नियमाप्रमाणे उताऱ्यासाठी आधी शोधपथकाने नावाने हाक मारायला हवी, आणि परब काका मागच्या बाकावर दुसऱ्या सदस्याच्या मनगटाशी झटत होते. त्यांनी मान वर करेपर्यंत उशीर झाला.

"हो," वर्ग म्हणाला.

"ऐकलंत, गमरे सर?" अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. "तुमचेच विद्यार्थी म्हणतायत. लिहू का?"

मी मनात म्हटलं, थांबवा सर. एवढं एकदा थांबवा. सरांनी घड्याळ पाहिलं. "तालमीची अकरा मिनिटं बाकी आहेत. ती झाली की विचारा, मुलं खरं सांगतील."

"आम्हाला पुढे जायचंय."

"अकरा मिनिटं फक्त."

अध्यक्षांनी लिहिलं, सही केली आणि निघाले. फीत तशीच होती हातात. परब काका त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावत गेले. "सायबानु, उतारो घेवन जावा," असा त्यांचा आवाज दोन मजले ऐकू येत होता. सरांनी मात्र उरलेली अकरा मिनिटं तालीम चालवली. शेवटचा रोगी बरा झाल्यावर फळा पुसला आणि म्हणाले, "छान झाली. शोधपथक जरा हळू पडलं."

वर्ग रिकामा झाल्यावर मी सरांवर अक्षरशः ओरडले. दोन मिनिटं तालीम थांबवली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? तुमचे दोनशे मजले गेले ना आता?

सर बाकावर बसले. "मॅडम, मागच्या वेळी मी थांबवलं होतं," ते म्हणाले. "खऱ्या साथीत. वरून साहेब पाहणीला येणार होते. माझ्याकडे एकट्या म्हाताऱ्या माणसांची यादी करायचं काम होतं. एका इमारतीचा तिसरा मजला राहिला होता. मी म्हटलं, आधी साहेबांची फाइल लावू, उद्या जाऊ. साहेबांनी विचारलं, यादी पूर्ण? मी म्हटलं..." तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. "साहेब खूश. त्यांच्या नादात आणखी तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्या मजल्यावर गेलो. एक बाई होत्या, तापलेल्या, दाराजवळच बसलेल्या. मला म्हणाल्या, बाबा, कुणी हाक मारली असती तर मी ओ दिली असती की. इस्पितळात नेलं. दोन दिवसांनी गेल्या."

सरांनी माझ्या मनगटाची फीत सोडली, नीट गुंडाळली आणि खिशात ठेवली.

अभ्यासक्रम बंद झाला. आम्ही विनंतीअर्ज केले, श्रुतीने सगळ्या मुलांच्या सह्या घेतल्या. उत्तर आलं की विद्यार्थ्यांचं मत नोंदवलेलं आहे. पाटी काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे दोन वर्षं अधूनमधून कुणीतरी मृदुंग नाहीतर नवरा घेऊन येत असे.

सर दिसले ते थेट वर्षभराने. परब काकांनी फोन करून भजनाला बोलावलं होतं. भांडुपला त्यांच्या इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत सतरंज्या घातलेल्या, संध्याकाळची वेळ, पंधरा-वीस माणसं. काका मोबाइलवर बघून बघून शेवटी मृदुंग शिकले होते आणि त्यांचे सुटलेले टाळ आले होते गमरे सरांच्या हातात. सर मागच्या कोपऱ्यात बसून इतके बेताल टाळ वाजवत होते की शेजारच्या बाईंनी कानावर पदर घेतला होता. मला पाहून म्हणाले, "मी देवासाठी नाही येत हं, मॅडम. आमच्या बुद्धविहारातही मी असाच मागे बसतो. मागून माणसं मोजता येतात."

दुसरा अभंग सुरू झाला आणि सरांचे टाळ थांबले. त्यांनी काकांना खूण केली. मृदुंग थांबला. मग पेटी थांबली. कुणी का म्हणून विचारलं नाही, म्हणजे हे नेहमीचंच असावं. सतरंजीच्या कडेला एक जागा रिकामी होती, त्यावर नुसती उशी. टाळ गळ्यात तसेच ठेवून सर उठले आणि आपल्या त्या आगीच्या घाईने जिना चढू लागले. टाळांचा आवाज मजल्या-मजल्याने वर गेला. तिसऱ्या मजल्यावर थांबला.

"कदम आजी," सरांनी हाक मारली.

खाली सगळे मान वर करून बसलेले. मी नकळत घड्याळाकडे पाहिलं. श्रुतीच्या नर्सबाईंना मिनिट लागलं होतं. इथे मिनिट गेलं. सरांनी पुन्हा हाक मारली. आणखी थोडा वेळ गेला. मग कुठूनतरी आतून, बारीक आणि जरा वैतागलेली, ओ आली.

सर कठड्याशी आले. "आजी आसत मा?" काकांनी खालून विचारलं.

बघून झालेलं होतं. "हो," गमरे सर म्हणाले, आणि काकांनी मृदुंगावर थाप मारली.

सरांच्या तोंडून तो शब्द मी तेवढा एकदाच ऐकला. त्यानंतर ते मला भेटले नाहीत. पुढच्या वर्षी ते गेल्याचा फोन आला तोही काकांचाच. सकाळी दूधवाला जायच्या आत, काका म्हणाले, सरांच्या समोरच्या दारातल्या मुलीने रोजची हाक मारली होती, आणि ओ आली नाही.